त्यांनी आधी देव उचलला

"ओढणी पसर," वहिनी म्हणाल्या.

मी पसरली.

शुक्रवार, सकाळचे अकरा. सिडनीत कॅसल हिलमधल्या आमच्या ऑफिसची कॉन्फरन्स रूम. टेबलावर पाट, पाटावर लाल कापड, त्यावर देवीची पितळी मूर्ती. मागे भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्यावर कंपनीची स्लाइड. अवर व्हॅल्यूज. फेथ, फॅमिली, सेवा. टेबलाभोवती चौदा माणसं, लॅपटॉप मिटून उभी. मी खुर्चीत बसलेली. वहिनींनी मला हळदीकुंकू लावलं. माझ्या ओढणीत ओंजळीने तांदूळ घातले. मग हळकुंड, सुपारी, खण. सगळ्यावर नारळ.

"धिस इज चोरओटी," त्या सगळ्यांना समजावून सांगत होत्या. "थर्ड मंथमध्ये करतात. ब्लेसिंग फॉर द बेबी."

चौदा जणांनी टाळ्या वाजवल्या. सेल्समधला ब्रेट म्हणाला, "कॉन्ग्रॅट्स, मेट."

चोरओटी ही घरातल्या घरात, चार बायकांत, कुणाला न सांगता भरायची असते. म्हणून तर ती चोरओटी. या बाईने ती मीटिंगच्या वेळात, कॅलेंडर इन्व्हाइट पाठवून भरली. पण राग त्याचा नाही. राग याचा की माझ्या पोटातलं बाळ मेलेलं होतं. आणि वहिनींना ते माहीत होतं. आदल्या दिवशी मीच त्यांना सांगितलं होतं, त्यांच्या समोर बसून, रिपोर्ट टेबलावर ठेवून.

तरी त्यांनी माझी ओटी भरली. आणि तरी मी ओढणी पसरली. या दोन्ही गोष्टी मला लिहायच्या आहेत. पहिली त्यांची, दुसरी माझी.

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम. आमची कंपनी वृद्धाश्रमांसाठी रोस्टरचं, म्हणजे ड्यूट्या लावायचं, सॉफ्टवेअर करते. मालक मराठी, पुण्याचे, वीस वर्षं सिडनीत. त्यांची बायको एचआर बघते. पहिल्याच दिवशी मालक म्हणाले, "सर वगैरे म्हणायचं नाही हं. आपण फॅमिली. मी दादा, ही वहिनी." मला केवढं बरं वाटलं होतं! परक्या देशात कुणी दादा म्हणायला सांगतंय. गाढव होते मी.

माझा इंटरव्ह्यू पुण्याहून व्हिडिओवर झाला होता. पहिला प्रश्न ऑटोमेशनचा. दुसरा नोटीस पीरियडचा. तिसरा, हसत हसत, "आडनावावरून काही कळत नाही तुमच्या. कुलदैवत कुठलं?"

मी म्हणाले, "तुळजापूर."

जिभेने परस्पर उत्तर दिलं. विचार करायला सवडच दिली नाही मला.

आमच्या घरात कुलदैवत नाही. अंबरनाथच्या दोन खोल्यांत भिंतीवर बुद्ध आहे आणि निळ्या सुटातला तो फोटो आहे. माझ्या आजोबांनी पांढरे कपडे घालून दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव्हाऱ्यातले सगळे देव पाटीत भरले, नदीवर नेले आणि सोडून दिले. गावाने वाळीत टाकलं, विहीर बंद केली, मारलं. आजोबांचा डावा हात त्यानंतर कधी सरळ झाला नाही. त्यांची नात मी. तिसऱ्या प्रश्नाला लोळण घेतली.

नोकरी लागली. व्हिसा कंपनीने स्पॉन्सर केला. नवरा प्रवीण आणि सहा वर्षांची मुलगी सई, दोघांचा व्हिसा माझ्या व्हिसावर. माझा कंपनीवर. म्हणजे आम्ही तिघं दादांच्या सहीवर उभे. स्कोफिल्ड्सला नवीन वसाहतीत भाड्याने घर घेतलं. शेजारी सगळे आपलेच. सईच्या शाळेच्या फॉर्मवर रिलीजनच्या रकान्यात मी हिंदू लिहिलं. प्रवीण शेजारी उभा राहून बघत होता. एकदा खोटं बोललं की सगळीकडे तेच बोलावं लागतं.

ऑफिसात दर गुरुवारी आरती. कम्पल्सरी नाही, असं दादा म्हणायचे. पण कोण आलं नाही हे वहिनी लिहून ठेवायच्या. मी पहिल्या रांगेत. मला सगळ्या आरत्या पाठ. चाळीत शेजारच्या घरांतून ऐकून पाठ झाल्या होत्या, आत कुणी बोलवत नव्हतं तरी. वहिनी कौतुक करायच्या, "बघा, हिचे उच्चार किती स्वच्छ!"

आता इन्शुरन्सचं सांगते, कारण सगळं तिथेच फुटलं.

आमच्या व्हिसावर मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, मिळत नाही. स्वतःचं हेल्थ कव्हर असणं ही व्हिसाची अट. त्यावर आमच्या कॉन्ट्रॅक्टची अट अशी की कव्हर कंपनीचंच घ्यायचं, कंपनीने निवडलेलं. मी सही केली. कोण वाचतं? चुका शोधायचा पगार घेणारी मी, स्वतःच्या कॉन्ट्रॅक्टचं एक पान वाचलं नाही.

बुधवारी दुपारी स्कॅनला गेले. अकरावा आठवडा. स्कॅन करणारी मुलगी आधी बडबडत होती, वीकेंडला काय करणार वगैरे. मग गप्प झाली. स्क्रीन माझ्यापासून वळवली. तेव्हाच मला कळलं. डॉक्टर आल्या, म्हणाल्या हार्टबीट नाही, बहुधा दोन आठवड्यांपूर्वीच थांबलंय. सईच्या वेळी माझं सिझेरियन झालं होतं, खूप रक्त गेलं होतं. त्यामुळे डॉक्टर म्हणाल्या, वाट बघत बसू नकोस, गोळ्या घेऊन घरीही बसू नकोस, छोटं ऑपरेशन करून घे, उद्या-परवातच.

इन्शुरन्सला फोन लावला. पलीकडची बाई खूप गोड बोलली. म्हणाली, सॉरी फॉर युअर लॉस. मग म्हणाली, तुझ्या पॉलिसीत हे बसत नाही. मिसकॅरेज अँड टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी, अशी एकच ओळ असते, एकच कॅटेगरी. तुझ्या एम्प्लॉयरने ती ओळ काढून घेतली आहे. मी म्हटलं, काढून घेतली म्हणजे? ती म्हणाली, त्यांची रिक्वेस्ट होती. पण ते ती परत घालू शकतात. त्यांचा एक ईमेल आला की आजपासून कव्हर चालू. जस्ट वन ईमेल.

माझ्या जिवाची किंमत एक ईमेल. स्वतःच्या खिशातून ऑपरेशन करायची ऐपत नव्हती, हे सांगायला लाज कसली. नव्हती.

गुरुवारी सकाळी आरतीच्या आधी दादांच्या केबिनमध्ये गेले. वहिनीही होत्या. रिपोर्ट टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. ते मी नाकारणार नाही.

"किती वाईट झालं गं," दादा म्हणाले. "पण हे माझ्या सहीने होणार नाही."

"काय होणार नाही, दादा? बाळ गेलंय. हार्टबीट नाही."

"ती ओळ मी ब्रोकरशी भांडून काढायला लावलीय. माझ्या कंपनीच्या पैशाने भ्रूणहत्या होऊ देणार नाही, हा माझा संकल्प आहे. आज तुझ्यासाठी घातली, उद्या दुसरी कुणी येईल. तिला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

तेव्हा मी काय बोलले माहितीये? मी म्हणाले, "मी तसली नाही हो, दादा."

तसली म्हणजे कसली? ज्या बाईला नको असेल ती तसली, आणि मला हवं होतं म्हणून मी चांगली? स्वतःला वाचवायला मी न पाहिलेल्या बाईला पुढे ढकललं. त्या वाक्याची मला आजही शरम वाटते. ते मागे घ्यायला मी काहीही देईन.

दादा म्हणाले, "हा देश फ्रीडमचा आहे. इथे मला माझा धर्म पाळायचा हक्क आहे. तू माझ्यावर जबरदस्ती करू शकत नाहीस."

मी त्यांच्यावर जबरदस्ती करत होते! ज्यांच्या एका फोनने माझी मुलगी शाळेतून निघून विमानात बसली असती, त्यांच्यावर.

मग वहिनी खुर्ची जवळ ओढून बसल्या. मऊ आवाजात म्हणाल्या, "हे बघ, मशिनं चुकतात. आमचे गुरुजी आहेत ना. ते सांगतात, ओटी भरा, जीव धरतो. उद्या शुक्रवार आहे. आपण भरू. तुमच्यात या गोष्टी पटकन उरकून टाकत असतील. आमच्याकडे थांबतात."

तुमच्यात.

मी ऐकलं. ऐकलं आणि गिळलं. म्हणाले, "हो वहिनी."

मग आरतीला गेले. टाळ्या वाजवल्या. पोटात मेलेलं मूल घेऊन सुखकर्ता म्हटलं.

घरी येऊन प्रवीणला सांगितलं. तो पार्सलची व्हॅन चालवतो, नुकताच आला होता, बूटही काढले नव्हते. डोकं धरून बसला. मग म्हणाला, "भरू दे ना ओटी. नारळच तर आहे. त्यांचं मन राखलं की ईमेल करतील. आत्ता वाकडं नको घेऊस. व्हिसाचं बघ."

"आणि पोटाचं कोण बघणार?"

"एक दिवस, गं. एकच दिवस."

तो वाईट नाही. भित्रा आहे, आणि त्याला भित्रं करण्यात माझाही हात आहे. मीच शिकवलं होतं त्याला, इथे कुणाला काही सांगायचं नाही.

तर शुक्रवार. पुन्हा त्या खोलीत.

सकाळपासून पोट पिळवटत होतं. अंगात कणकण होती. दोन गोळ्या खाऊन ट्रेन पकडली होती. ओटी भरून झाली, टाळ्या झाल्या आणि वहिनी म्हणाल्या, "आता उठून देवीला नमस्कार कर."

उठले. आतून काहीतरी तुटलं. गरम. मांडीवरून खाली, पायजम्यातून, चपलेत. खुर्चीवर, कार्पेटवर. मी खाली बसले, ओढणी सुटली, तांदूळ सगळीकडे उडाले आणि लाल झाले. नारळ तेवढा मी छातीशी धरून राहिले. का, माहीत नाही. काहीतरी धरायला हवं होतं.

पहिला आवाज वहिनींचा. "अगंबाई, देव! देवापुढे नको! बाहेर न्या हिला, विटाळ होतोय!"

दादा धावले. मी हात पुढे केला. मला वाटलं माझ्यासाठी धावले. ते माझ्या हाताच्या बाजूने गेले, टेबलावरून देवीची मूर्ती उचलली, छातीशी धरली आणि दाराबाहेर नेली. किचनमध्ये फ्रिजवर ठेवून आले. मी दाराच्या काचेतून बघत होते. हळूच ठेवली, दोन्ही हातांनी. वर नमस्कार केला.

मी जमिनीवर. माझ्या रक्तात बसलेली.

वहिनी मला उठवायला आल्या. पेपर टॉवेलची जाड घडी केली त्यांनी, आधी माझ्या दंडावर ठेवली आणि मग त्यावरून दंड धरला. कातडीला कातडी लागू दिली नाही. जरीचा ब्लाउज, हातात सोन्याच्या बांगड्या, बोटात टॉवेल. त्या टॉवेलने माझं डोकं फिरलं. रक्त चाललं होतं, जीव चालला होता, ते सोडून टॉवेल डोक्यात गेला.

आजोबांना विहिरीवर लांबून पाणी ओतायचे. बांबूच्या नळीतून. आजोबा सांगायचे आणि आम्ही पोरं हसायचो, काय तरी जुनं सांगतात म्हणून. आता माझ्यासमोर बांबूची नळी होती. दोन पदरी, सुपरमार्केटातली.

मी उठले. कशी उठले, माहीत नाही. हातातला नारळ सगळ्या ताकदीनिशी फेकला. टीव्हीवर. फेथ, फॅमिली, सेवा. काच फुटली, स्क्रीन काळी पडली. कुणीतरी किंचाळलं. वहिनींनी पुन्हा माझा दंड धरला, तोच टॉवेल मध्ये धरून. मी त्यांच्या तोंडात मारली. उलट्या हाताची नाही, सरळ, पूर्ण पंजा. त्यांच्या गालावर माझ्या रक्ताची पाच बोटं उठली.

वकील बाई म्हणाल्या, हे लिहू नकोस, तुझ्याविरुद्ध जाईल. लिहिते. मारलं ते मारलं. ज्या हाताने आरतीला टाळ्या वाजवल्या त्याच हाताने मारलं.

वहिनी गाल पुसत होत्या, पुसत होत्या. मग मराठीत बोलल्या, दात आवळून, "दाखवलीस शेवटी जात! तुळजापूर म्हणे! पहिल्या दिवसापासून माहीत होतं आम्हाला. उपकार म्हणून ठेवली तुला."

माहीत होतं. म्हणजे दोन वर्षं मी नाटक करत होते आणि ते बघत होते. उच्चारांचं कौतुक करत होते. घरी गेल्यावर हसत असतील. मला त्या क्षणी रडू आलं नाही, एकदम हलकं वाटलं. लपवायला काही उरलंच नाही.

"हो," मी ओरडले. "नाही माझी कुलदेवी! आम्ही देव नदीत सोडून आलो! तुमचा फ्रिजवर ठेवलाय तो तुम्हीच सांभाळा!"

खोलीत चौदा माणसं. हैदराबादची, पंजाबची, इथली. त्यांना यातला एक शब्द कळला नाही. ब्रेट कार्पेटकडे बघत होता. नंतर त्याने मला मेसेज केला, सॉरी मेट, मला वाटलं कल्चरल थिंग आहे, मध्ये पडू नये. बाई रक्तात पडली होती आणि हा कल्चरचा मान राखत होता.

एकीला मात्र सगळं कळलं. फिलोमिना. अकाउंट्स बघायची. वसईची, साठीला आलेली, रविवारी चर्च कधी न चुकवणारी. ती पुढे आली, स्वतःचा स्वेटर काढला, माझ्या कमरेला घट्ट बांधला. दोन्ही हात माझ्या काखेत घातले. उघडे हात. म्हणाली, "चल पोरी. माझ्या गाडीत चल." मग वाकून तो नारळही उचलला आणि पर्समध्ये टाकला. टीव्ही फोडूनही तो अख्खाच होता.

"तुझी सीट खराब होईल," मी म्हटलं.

"मसणात गेली सीट," ती म्हणाली.

ब्लॅकटाउनच्या हॉस्पिटलच्या रस्त्याला लागलो. प्रत्येक सिग्नलला ती हॉर्न वाजवत होती, जो या देशात कुणी वाजवत नाही. माझी शुद्ध जात येत होती. मध्येच ती म्हणाली, "खरं सांगू? मुद्दाम पाडायचं म्हणशील तर मी ते पाप मानते. मी कधी केलं नसतं. पण तो माझा देव आहे. मी त्याला दुसरीच्या पोटात घुसवत नाही."

हॉस्पिटलात इन्शुरन्स कुणी विचारला नाही. मरायला टेकलं की विचारत नाहीत. म्हणजे बघा, बुधवारी चालत गेले तेव्हा कागद हवा होता आणि शुक्रवारी उचलून आणली तेव्हा नको होता. मधले दोन दिवस माझ्या शरीराने भरले. इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. ऑपरेशन झालं, रक्त चढवलं, परत ऑपरेशन झालं. पुढे मूल होईल का, सांगता येत नाही म्हणाले.

आत नेण्याआधी नर्स फॉर्म भरत होती. नाव. जन्मतारीख. ॲलर्जी. मग, "एनी रिलीजन, डार्लिंग?"

दात वाजत होते माझे. तरी नीट म्हणाले, "बुद्धिस्ट."

तिने लिहिलं आणि पुढच्या प्रश्नावर गेली. तिला त्यात काही विशेष नव्हतं. मला मात्र दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी आईचा व्हिडिओ कॉल आला. माझी आई म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात आया होती. आयुष्यभर बायकांच्या खाटांखालचं रक्त पुसलं तिने, वार बादलीत भरून नेली. मी सगळं सांगितलं, तुळजापूरसकट. ते तिला ठाऊक नव्हतं.

मग म्हणाली, "मी कुठल्याही बाईचं रक्त पुसताना तिची जात विचारली नाही. त्या मात्र माझ्या हातचं पाणी घ्यायच्या नाहीत. तुला इंजिनियर केलं ते यासाठी, की तू खाली बसून कुणाचं काही पुसू नयेस. आणि तू तिथे जाऊन आपलं नाव पुसलंस?"

फोन ठेवून दिला तिने. तीन दिवस घेतला नाही. बरं केलं. मी वहिनींना मारलेल्या थपडेपेक्षा मोठी थप्पड होती ती, आणि ती मला हवी होती.

घरी आले तर कंपनीचं पत्र आलेलं. सस्पेंड. टीव्हीची तोडफोड, मारहाण, कामाच्या ठिकाणच्या धार्मिक भावनांचा अपमान. शेवटी एक ओळ, "वुई स्टिल कन्सिडर यू फॅमिली." माफी लिहून दे, वहिनींच्या पाया पड, पोलिसात जाणार नाही, स्पॉन्सरशिपही चालू राहील. पाया पडण्याचं पत्रात नव्हतं. ते दादांनी प्रवीणला फोन करून सांगितलं.

प्रवीण म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, "ओटीही पाच मिनिटांचीच होती."

तो उठून आत गेला आणि येताना आणलेला, दोन वर्षं सुटकेसच्या तळाला ठेवलेला तसाच निळ्या सुटातला फोटो घेऊन आला. हॉलमध्ये, दारातून आल्या आल्या दिसेल असा लावला. शेजारच्यांनी त्या आठवड्यात बघितला. सत्यनारायणाचं बोलावणं यायचं होतं, ते आलं नाही. सई म्हणाली, "आई, आर वी इन ट्रबल?" मी म्हटलं, हो. आणि शाळेच्या ऑफिसात जाऊन तिच्या फॉर्मवरचा तो रकाना बदलून आले.

मी तक्रार केली. सरकारी ऑफिसात, रीतसर. आधी समेटाची फोन मीटिंग झाली. एक मध्यस्थ, कंपनीचा वकील, दादा, वहिनी, मी आणि माझी वकील. साक्षीदार म्हणून फिलोमिनाचं लेखी निवेदन. त्यात वहिनींचं मराठी वाक्य जसंच्या तसं, खाली इंग्रजी. त्या निवेदनामुळे तिची नोकरी गेली. तिला मी सॉरी म्हटलं, तर मलाच दटावलं, "तुझ्यासाठी नाही केलं गं. मला रविवारी तोंड दाखवायचं असतं."

वकील बोलला रिलीजस फ्रीडमवर. माझ्या अशिलाची प्रामाणिक श्रद्धा, वगैरे. मध्यस्थाने मला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय?

मी म्हटलं, "माझ्या आजोबांनीही धर्माचं स्वातंत्र्य वापरलं होतं. त्यांनी स्वतःचे देव सोडले आणि मार स्वतःच्या अंगावर घेतला. या माणसाने श्रद्धा स्वतःची ठेवली आणि मार माझ्या अंगावर टाकला. फरक एवढाच आहे."

दादा फोनवर रडले. परत खरं पाणी असेल. मला आता त्याचं काही करायचं नाही.

त्यांची ऑफर आली. स्पॉन्सरशिप चालू, टीव्ही माफ, वर पैसे. बदल्यात सही. घडलेल्या गोष्टीबद्दल मी कुणाशी, कधीही, कुठल्याही भाषेत बोलणार नाही. कुठल्याही भाषेत, हे शब्द मुद्दाम घातलेले. म्हणजे त्यांना माहीत आहे की हे कुठल्या भाषेत ऐकू येईल.

मी माझ्या अटी सांगितल्या. ती ओळ पॉलिसीत परत घाला, सगळ्यांसाठी. मला हवं असलेलं मूल गेलं म्हणून नाही. जिला नको असेल तिच्यासाठीही. तसलीसाठी. आणि माफी मागा, त्याच कॉन्फरन्स रूममध्ये, त्याच चौदा माणसांसमोर, कॅलेंडर इन्व्हाइट पाठवून. ते नाही म्हणाले. ते नाही म्हणणार हे मला माहीत होतं.

आता सुनावणी होईल. दुसरा स्पॉन्सर शोधायला हातात थोडे महिने आहेत. नाही मिळाला तर आम्ही तिघं अंबरनाथला. सईला तिथली शाळा जड जाईल. प्रवीण रात्री झोपत नाही. मी कशाचाही गोड शेवट सांगणार नाही, कारण तो झालेला नाही.

फिलोमिनाने तो नारळ मला घरी आणून दिला होता. बरेच दिवस ओट्यावर पडून होता. काल मी तो गॅरेजमधल्या सिमेंटवर हातोडीने फोडला. आतून अर्धा कुजलेला निघाला. कचऱ्यात टाकला, कचऱ्याच्याच डब्यात, कुठल्याही पाण्यात सोडला नाही.

मग आत येऊन हे लिहायला बसले. त्यांचा सहीचा कागद अजून टेबलावर आहे. पेनही त्यांनीच पाठवलंय. त्याच पेनने लिहितेय, कुठल्याही भाषेत म्हणाले होते, म्हणून मराठीत. सुनावणीला मी उभी राहीन तेव्हा आधी माझी जात सांगेन, मग माझा धर्म, मग माझ्या पोटात काय होतं ते. त्या क्रमाने. त्यांनी देव उचलून नेला तेव्हा माझा हात पुढे केलेला होता. तो हात आता कुणापुढे पसरणार नाही. शपथ घ्यायला वर करेन.